गाडी मुक्कामाला जिथे, कायदा तिथला

मिसिसिपी नदीच्या एका काठावर मिनेसोटा राज्यातले रेड विंग हे गाव आहे. पूल ओलांडला की विस्कॉन्सिन लागते. १९७४ साली विस्कॉन्सिनच्या बाजूला मोटरसायकलवर मागे बसलेल्या एका माणसाला मोटारीने मागून धडक दिली आणि त्यात तो गेला. मोटरसायकल चालवणाऱ्याकडे विमा नव्हता आणि मोटारवाल्याकडेही नव्हता. मृताच्या स्वतःच्या तीन गाड्या होत्या. ‘समोरच्याकडे विमा नसेल तर आम्ही देऊ’ हे संरक्षण त्याने तिन्ही गाड्यांवर घेतले होते. प्रत्येक गाडीवर १५ हजार डॉलर होते आणि प्रत्येकाचा हप्ता वेगळा भरला होता.

विधवेला मग १५ हजार मिळायचे की ४५ हजार? विस्कॉन्सिनच्या कायद्याने एकाच गाडीचे मिळत होते. मिनेसोटात तिन्ही रकमांची बेरीज करता येत होती. तिथल्या विमा व्यवहारात या बेरजेला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. आता वस्तुस्थिती पाहा. घर विस्कॉन्सिनमध्ये, पॉलिसी विस्कॉन्सिनमध्ये, अपघात विस्कॉन्सिनमध्ये, दोन्ही चालक विस्कॉन्सिनचे. मिनेसोटाशी मृताचा संबंध एवढाच की तो पंधरा वर्षे रोज पूल ओलांडून रेड विंगला कामाला जात होता. त्याच्या मृत्यूनंतर पत्नी रेड विंगला राहायला गेली आणि तिने मिनेसोटाच्या न्यायालयात दावा लावला. तिथल्या न्यायालयाने आपला कायदा लावून ४५ हजार दिले. ‘ऑलस्टेट विरुद्ध हेग’ (ऑलस्टेट ही विमा कंपनी, हेग हे मृताचे आडनाव) या नावाने खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९८१ साली पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल कायम राहिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी चार जणांच्या वतीने लिहिले आणि न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी वेगळ्या कारणांनी त्यांना साथ दिली. राज्याचा प्रकरणाशी पुरेसा संबंध असेल, कायद्याची निवड मनमानी किंवा उघड अन्यायाची नसेल, तर राज्यघटना आड येत नाही, असा त्याचा आशय.

मला त्या बाईंबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. तीन हप्ते घेऊन एकाचे पैसे देणे मलाही पटत नाही. तरीही तो निकाल ज्या वाटेने आला ती वाट चुकीची होती असे माझे ठाम मत आहे. विमा नसलेल्या चालकाच्या संरक्षणावरून वाद झाला तर गाडी ज्या राज्यात मुक्कामाला असते त्या राज्याचा कायदा लागावा. अपघात कुठे झाला, दावा कुठे लावला, अपघातानंतर कोण कुठे राहायला गेले, यांवर पॉलिसीचा अर्थ बदलू नये.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाच्या हा प्रश्न सहसा ध्यानातच येत नाही, आणि त्याला कारण आहे. साताऱ्याच्या गाडीचा अपघात बेळगावात झाला तरी मोटार वाहन कायदा एकच, १९८८ चा. ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनामुळे मृत्यू झाला तर १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, मग तो रस्ता महाराष्ट्रातला असो की कर्नाटकातला. रक्कम तुटपुंजी आहे, पण हद्द ओलांडल्याने ती बदलत नाही. अमेरिकेत तसे नाही. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन राज्यांकडे ठेवले. पन्नास राज्ये म्हणजे विम्याचे पन्नास संसार. नोकरीच्या निमित्ताने ओहायोतून टेक्सासला आणि तिथून न्यूजर्सीला जाणारे कुटुंब दर वेळी गाडीची पाटी बदलते, लायसन्स बदलते. त्याबरोबर आपल्या विम्याचा अर्थही बदलतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हे संरक्षण मुळात विचित्र आहे. गाडीचा नेहमीचा विमा आपण दुसऱ्याला पोचवलेल्या इजेसाठी असतो. इथे उलटे आहे. चूक दुसऱ्याची, तो कफल्लक किंवा पळून गेलेला, आणि त्याच्या जागी पैसे द्यायला उभी राहते ती आपलीच विमा कंपनी. १९५७ साली न्यू हॅम्पशायरने प्रत्येक पॉलिसीत हे संरक्षण असलेच पाहिजे असा पहिला कायदा केला आणि मग ते देशभर पसरले. गरज खरीच होती आणि आजही आहे. इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या अंदाजानुसार २०१९ साली मिसिसिपी राज्यात शंभरातले २९ चालक विम्याशिवाय गाडी चालवत होते, तर न्यूजर्सीत जेमतेम तीन. काही राज्यांत हे संरक्षण सक्तीचे आहे. काही ठिकाणी कंपनीने ते देऊ करावे लागते आणि नको असेल तर ग्राहकाने तसे लेखी कळवावे लागते. मिशिगनमध्ये ते ऐच्छिक आहे. तपशिलात तर आणखी फाटे फुटतात: रकमांची बेरीज होते की नाही, दुसरीकडून मिळालेले पैसे वजा होतात का, पळालेल्या गाडीचा प्रत्यक्ष धक्का लागायला हवा का.

हा शेवटचा मुद्दा उदाहरणाने पाहू. माझ्या मताची खरी किंमत तिथेच कळते.

समजा, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे एक मराठी कुटुंब सुट्टीत ग्रँड कॅन्यन पाहायला निघाले आहे. ॲरिझोनात किंगमन सोडून विल्यम्सच्या दिशेने चाळीस नंबरच्या हायवेवरून जाताना शेजारच्या लेनमधला पिकअप एकाएकी आडवा येतो. धडक टाळायला गाडी वळवावी लागते आणि ती रस्त्याखाली जाऊन उलटते. पिकअप निघून जातो. नंबर कोणी पाहिलेला नाही. मागच्या गाडीतल्या बाईंनी मात्र सगळे पाहिले आहे आणि त्या साक्ष द्यायला तयार आहेत. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली प्रत्यक्ष धक्क्याची अट रद्दबातल ठरवली. आता तिथला कायदा दुजोरा देणारा पुरावा मागतो, तो मिळाला की दावा टिकतो. कॅलिफोर्नियाचा विमा कायदा मात्र स्पष्ट सांगतो की अनोळखी गाडीचा प्रत्यक्ष स्पर्श झालेला असला पाहिजे. अपघात ॲरिझोनात, साक्षीदार ॲरिझोनात, पोलिसांचा पंचनामा ॲरिझोनातला, पॉलिसी मात्र कॅलिफोर्नियाची.

माझ्या तत्त्वाने या कुटुंबाला पैसे मिळत नाहीत. हे लिहिताना मला त्रास होतो, पण मत मांडायचे तर ते अडचणीच्या जागीही मांडले पाहिजे. या कुटुंबाने हप्ता भरला तो फ्रीमाँटच्या दराने. तो दर कॅलिफोर्नियातल्या गाड्या, तिथले दावे आणि तिथला कायदा पाहून ठरला. तीच पॉलिसी घेतलेले शेजारचे कुटुंब कॅलिफोर्नियातच, सॅन होजेत, अगदी अशाच अपघातात सापडले, तर त्यालाही काही मिळणार नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकच हप्ता भरणाऱ्या दोन घरांच्या हाती वेगवेगळा विमा पडावा, आणि तोही केवळ एकाची गाडी हद्दीच्या पलीकडे उलटली म्हणून, याला न्याय कसे म्हणणार? अन्याय स्पर्शाच्या अटीत आहे. ती अट खोट्या दाव्यांना आळा घालायला आली, पण डोळ्यांनी पाहणारा तटस्थ साक्षीदार असताना ती निव्वळ निष्ठुर ठरते. ती बदलायची जागा कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथली विधानसभा आहे. तिथे बदल झाला तर सॅन होजेच्या कुटुंबालाही न्याय मिळेल. ॲरिझोनाच्या न्यायालयाने दयाळूपणे आपला कायदा लावला तर फक्त ॲरिझोनात उलटलेल्यांना मिळेल. कॅलिफोर्निया विमा कायदा बदलू शकते, हे आपण नुकतेच पाहिले आहे. १९६७ पासून माणशी १५ हजार आणि अपघाताला ३० हजार डॉलर अशी अडकून पडलेली सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दुप्पट झाली.

यावर वकील मंडळींचा आक्षेप असा असतो की ग्राहक पॉलिसी वाचत नाही, त्यातल्या अटींवर घासाघीस करत नाही, आणि कंपनीला मात्र पन्नासही राज्यांचे कायदे पाठ असतात. मग संशयाचा फायदा ग्राहकाला का देऊ नये? द्यावाच. पॉलिसीतले वाक्य संदिग्ध असेल तर ते ग्राहकाच्या बाजूने वाचावे, ही तिथली जुनी रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण कोणाचा कायदा लावायचा हे ‘कोणाच्या कायद्याने जास्त मिळेल’ यावर ठरवणे वेगळे. तसे झाले की दावा कुठे लावायचा हा हिशेब वकिलाच्या कार्यालयात आधी होतो. संघराज्याच्या न्यायालयात गेले तरी सुटका नाही. १९४१ च्या क्लॅक्सन निकालापासून ती न्यायालये ज्या राज्यात बसतात त्या राज्याचेच कायदा निवडण्याचे नियम वापरतात. हद्दीच्या अलीकडे एक उत्तर आणि पलीकडे दुसरे, आणि ज्याच्याकडे चांगला वकील त्याला बरे उत्तर. ज्या घरात इंग्रजी पत्र वाचायलाही मुलाची वाट पाहावी लागते, त्या घराला या खेळात कुठलाच फायदा नाही.

मिनेसोटाचा पुढचा इतिहासही बोलका आहे. त्या न्यायालयाने त्या वेळी कोणता कायदा लावायचा हे ठरवण्याचे प्राध्यापक रॉबर्ट लेफ्लार यांचे पाच निकष मानले होते. त्यातला एक निकष असा की दोन कायद्यांपैकी जो अधिक चांगला तो निवडावा. तीन रकमांची बेरीज हा अधिक चांगला कायदा ठरला. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला चार वर्षे होताहेत तोच, १९८५ साली, मिनेसोटाच्या विधिमंडळाने बेरजेची मुभाच काढून घेतली. ज्याला श्रेष्ठ म्हणून शेजारच्या राज्यातल्या पॉलिसीवर लादले, तो नियम आपल्याच घरात टिकला नाही. विस्कॉन्सिनमध्ये तर २००९ साली बेरजेच्या बाजूने कायदा झाला आणि २०११ साली तो उलटवला गेला. यात कोण बरोबर आणि कोण चूक हा राजकारणाचा, हप्त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. मतदारांनी निवडलेल्या माणसांनी तो आपापल्या राज्यापुरता सोडवावा. शेजारच्या राज्याची पॉलिसी हाती घेऊन श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायला न्यायाधीशाने बसू नये. खुद्द मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नोंदवले की ‘अधिक चांगला कायदा’ या निकषावर आपण जवळजवळ वीस वर्षांत भर दिलेला नाही.

दुसऱ्या टोकाला जुने तत्त्व आहे: करार जिथे झाला तिथला कायदा. फ्लोरिडा, व्हर्जिनिया, मेरीलँड, जॉर्जिया अशी राज्ये आजही त्याला धरून आहेत. २००६ साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रोच खटल्यात इंडियानाच्या पॉलिसीला इंडियानाचाच कायदा लावला. गाडीमालक दरवर्षी हिवाळ्यात फ्लोरिडात येऊन राहत होते, तरीही. निकाल मला मान्य आहे, तत्त्व मात्र अर्धेच मान्य आहे. सही कुठे झाली हा योगायोग असतो. आज पॉलिसी फोनवर निघते. माणूस विमानतळावर बसून ‘मान्य’ दाबतो. ओहायोतल्या कोलंबसला काढलेली पॉलिसी, मग टेक्सासमधल्या ऑस्टिनला बदली, पत्ता कळवलेला, नवा हप्ता लागू झालेला, आणि तीन वर्षांनी वाद झाला की म्हणायचे, मूळ करार ओहायोत झाला होता! तसे होऊ नये. १९७१ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेने कायद्यांच्या संघर्षाविषयीचे आपले दुसरे संकलन प्रसिद्ध केले. त्याचे १९३ वे कलम अधिक शहाणे आहे. पॉलिसीच्या काळात जोखीम मुख्यतः कुठे आहे असे दोन्ही पक्षांनी धरले होते, ते पाहा, असे ते सांगते. गाडी फिरते हे खरे, पण रात्री ती कुठेतरी उभी राहते, आणि कंपनीने ती जागा विचारूनच दर लावलेला असतो. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ओहायॉन खटल्यात हीच दिशा धरली. अपघात पेनसिल्व्हेनियात झाला म्हणून ओहायोच्या पॉलिसीवरचा दावा अपकृत्याचा (म्हणजे इजा पोचवणाऱ्याकडून भरपाई मागण्याचा) होत नाही, तो कराराचाच राहतो, असे त्याने ठरवले.

एखाद्या राज्याला बाहेरून आलेल्या गाड्यांनाही आपला नियम लावायचाच असेल तर त्यासाठी उघड मार्ग आहे. न्यूजर्सीने तो वापरला. जी कंपनी न्यूजर्सीत धंदा करायची परवानगी घेते, तिने इतर राज्यांत विकलेल्या पॉलिसीसुद्धा ती गाडी न्यूजर्सीत असताना तिथल्या किमान अटी पुऱ्या करतात असे धरले जाईल, असा कायदाच त्या राज्याने केला. विमा नसलेल्या चालकाचे संरक्षणही त्यात आले. कंपनीला हे आधी ठाऊक असते, ती त्याचा खर्च धरते, ग्राहकाच्या वकिलाला ते वाचता येते. हा दरवाजा समोरचा आहे. हेग खटल्यात मागच्या दाराने आत यावे लागले.

एवढे सांगितल्यावर एक गाठ उरते, आणि ती सोडवणे मला सर्वांत अवघड वाटते. या पॉलिसींत बहुतेक वेळा असे म्हटलेले असते की विमा नसलेल्या चालकाकडून जे मिळवण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, ते आम्ही देऊ. हा हक्क ठरवायचा कोणत्या कायद्याने? व्हर्जिनियात आजही जुना नियम आहे. जखमी माणसाची स्वतःची थोडीशी जरी चूक असली तरी त्याला काहीच मिळत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पासून चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते, शून्य होत नाही. फ्रीमाँटची गाडी व्हर्जिनियात ठोकली गेली आणि आपल्या चालकाची पाच टक्के चूक निघाली, तर? पुष्कळ न्यायालये प्रश्नाचे दोन तुकडे करतात: पॉलिसीचा अर्थ घरच्या कायद्याने, चूक-नुकसानीचा हिशेब अपघाताच्या जागेच्या कायद्याने. ऐकायला ते सरळ वाटते. वेग किती हवा होता, सिग्नल कोणाचा होता, हे व्हर्जिनियानेच सांगावे. रस्ता त्यांचा आहे.

पण भरपाई पूर्णपणे नाकारणारा तो कठोर नियम कोणाच्या रक्षणासाठी आहे? व्हर्जिनियातल्या प्रतिवादीच्या. इथे तो पळून गेला आहे. न्यायालयासमोर उभे आहेत ते कॅलिफोर्नियात हप्ता भरणारे कुटुंब आणि तो हप्ता घेणारी कंपनी. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९६३ साली बॅबकॉक खटल्यात हाच विचार केला होता. गाडी, चालक, प्रवासी, विमा सगळे न्यूयॉर्कचे. ऑन्टॅरिओत अपघात झाला एवढ्याने, प्रवाशाला गाडी चालवणाऱ्या यजमानाविरुद्ध दावा नाकारणारा तिथला कायदा लावायचे कारण नाही, असे त्याने म्हटले. म्हणून मी म्हणेन की रस्त्यावर कसे वागायचे याचे नियम रस्त्याच्या राज्याचे, पण झालेली हानी कोणी किती सोसायची हे, दोन्ही पक्ष एकाच राज्याचे असतील तेव्हा, त्या घरच्या राज्याचे. यावर कोणी म्हणेल की पळालेला चालक सापडला असता तर व्हर्जिनियात काहीच मिळाले नसते, मग कंपनीने का द्यावे? आक्षेप वजनदार आहे. माझे उत्तर एवढेच की कंपनीने विकले ते घरच्या राज्यातल्या माणसाला, त्याच राज्याच्या मापाने, आणि फ्रीमाँटच्या कुटुंबाला ॲरिझोनात कॅलिफोर्नियाचा तोटा सोसायला लावायचा असेल तर व्हर्जिनियात कॅलिफोर्नियाचा फायदाही दिला पाहिजे.

मुक्कामाची जागा ठरवणेही नेहमी सोपे नसते, हे मान्य आहे. न्यूजर्सीतल्या आईबापांची पॉलिसी, मुलगी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला शिकते, गाडी वर्षातले नऊ महिने तिच्या वसतिगृहापाशी. कंपनीला हे कळवले असेल तर त्या गाडीचा मुक्काम मिशिगन. कळवलेच नसेल तर आईबापांच्या न्यूजर्सीतल्या एडिसनच्या पत्त्याचा कायदा चालावा, कारण व्यवहार त्या पत्त्यावर झाला. म्हणून कंपन्यांवर एक सक्ती हवी. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, जिथे गाडीचा नंबर आणि रकमा छापतात तिथे, प्रत्येक गाडीसमोर ‘मुक्काम अमुक राज्य, या गाडीवरच्या वादाला कायदा तमुक राज्याचा’ अशी ओळ छापावी. दर नूतनीकरणाला ती पुन्हा विचारावी. पन्नास राज्यांचे कायदे एक व्हायची वाट पाहावी लागत नाही आणि अमेरिकी संसदेच्या ठरावाचीही गरज नाही. प्रत्येक राज्याच्या विमा खात्याला पॉलिसीच्या छापील नमुन्यावर अधिकार आहे.

आमच्या घरी हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात येतो. आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतात. गाडीत आमच्याबरोबर असताना त्यांना आमच्या पॉलिसीचे संरक्षण आहे. पण बाबा सकाळी सहाला एकटे फिरायला जातात, पदपथ संपतो तिथून रस्त्याच्या कडेने. त्या वेळी कोणी ठोकर देऊन पळाले, तर ते आमच्या ‘घरात राहणारे नातलग’ ठरतात का? सहा महिन्यांचा पाहुणा म्हणजे राहणारा की आलेला, याचे उत्तर राज्याच्या कायद्याने ठरते. मी विमा कंपनीला हे लेखी विचारले. ‘दावा आल्यावर त्या वेळची परिस्थिती पाहून ठरवू’ असे उत्तर आले. ते पत्र मी जपून ठेवले आहे. या वर्षी नूतनीकरणाच्या कागदांसोबत मी पुन्हा तोच प्रश्न पाठवला, आईबाबांची नावे आणि राहण्याच्या तारखा घालून, आणि त्याची एक प्रत राज्याच्या विमा खात्यालाही धाडली.